पडदेबाईंच्या अठ्ठावीस पाट्या

पडदेबाईंना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या मुलीने परवा फोनवर विचारलं, "काका, आईबद्दल काही लिहून द्याल का? तुम्ही तिच्याबरोबर एवढे दिवस बसला होतात." मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर धास्तावलो. एकाच इमारतीत आम्ही एकोणीस वर्षं राहिलो. त्या तळमजल्यावर, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. तरी त्यांचं माहेर कुठलं, त्यांचे यजमान काय करत होते, त्यांना गाणं आवडायचं की नाही, यातलं मला काही ठाऊक नाही. त्यांचं खरं नाव मी एकदा त्यांच्या गाडीच्या कागदांवर वाचलं होतं. सगळी इमारत त्यांना पडदेबाई म्हणायची, कारण त्या पडदे शिवायच्या. त्यांच्या दारावरही तेच रंगवलेलं होतं.

मी नोंदणी कार्यालयात कारकून होतो. चौतीस वर्षं लोकांनी सांगितलेलं लिहून घेतलं, स्वतःच्या मनाचं असं काही लिहिलं नाही. त्यामुळे ज्याची नोंद माझ्याकडे आहे तेवढंच लिहितो. ती नोंद सव्वीस दिवसांची आहे.

पडदेबाईंकडे एक जुनी हायब्रिड गाडी होती, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. सदुसष्टाव्या वर्षीही त्या स्वतः चालवत. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे ठाण मागच्या सीटवर आडवे टाकून आणायचे, शिवून झाले की पुन्हा जाऊन लावून द्यायचे. दोन वर्षांपूर्वी असेच पडदे लावताना त्या स्टुलावरून पडल्या आणि मनगट मोडलं. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर पडलेल्या आयांना पुन्हा चालायला शिकवणं हेच तिचं काम. तिने त्याच वेळी आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. बाईंनी हुज्जत घालून घालून एक तह केला. गाडी चालते आहे तोवर मी इथे, गाडी बंद पडली की मी तुझ्याकडे. बाईंना हा सौदा फार आवडला होता, कारण ती गाडी तोवर एकदाही बंद पडली नव्हती.

आणि मग एका मंगळवारी गाडीच्या डॅशबोर्डवर धोक्याचा लाल त्रिकोण लागला. सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावलेल्या माणसाने सांगितलं की मोठी बॅटरी गेली, पूर्ण नवी टाकावी लागेल. किंमत ऐकून बाई म्हणाल्या, "अहो, एवढ्यात तर मी तुम्हाला दुसरी अशीच गाडी आणून देते." त्यांनी गाडी तशीच हळूहळू घरी आणली आणि खालच्या शेडमध्ये उभी केली. मुलगी सव्वीस दिवसांनी यायची होती.

मी या भानगडीत सापडलो तो माझ्या अक्षरामुळे. पाण्याची टाकी धुण्याची सूचना जिन्यात लावायची असली की ती मीच लिहायचो. बुधवारी सकाळी बाई दारात आल्या.

"भाऊ, ती टाकीची सूचना तुम्हीच लिहिता ना?"

"हो. काही चुकलं का?"

"चुकलं काही नाही. रेघा सरळ असतात म्हणून विचारते. दुपारी मोकळे आहात?"

माझी बायको आतून म्हणाली, "ते मोकळेच असतात. घेऊन जा."

त्यांच्या कामाच्या खोलीत कापड बेतायचं बारा फुटी टेबल होतं. बाईंनी त्यावरचं सगळं आवरून फोन उभा करून ठेवला होता. फोनवर एक टकलू माणूस आपल्या गॅरेजमध्ये हीच बॅटरी उघडत होता. "याची भाषा मला कळत नाही," बाई म्हणाल्या, "हात कळतात. तीन वेळा बघितलंय. ही अख्खी बॅटरी मरत नसते, भाऊ. आत अठ्ठावीस तुकडे असतात. दोन-तीन मरतात, बाकीचे सुस्तावतात. मेलेले बदलायचे, सुस्तावलेल्यांना तीन-तीनदा रिकामं करून पुन्हा भरायचं. मग ते शुद्धीवर येतात."

"पण बाई, आपल्याला यातलं..."

"मला शिवणातलं तरी कुठे कळत होतं? आधी उसवलं, मग कळलं."

उसवायला आम्ही इमारतीच्या वायरमनला बोलावलं. तो आयुष्यभर खांबांवर चढलेला माणूस. त्याने बाईंच्या बांगड्या आणि माझं घड्याळ काढायला लावलं, कोपरापर्यंत येणारे नारिंगी रबरी हातमोजे दिले आणि चेहरा कडक करून म्हणाला, "यात दोनशे व्होल्ट आहेत. गंमत नाही. आधी वीज तोडायला हा नारिंगी खटका उपसायचा, मग दहा मिनिटं कोणी हात लावायचा नाही. आणि काम करताना एकच हात पुढे. दुसरा खिशात. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो."

"मला खिसा नाही," बाई म्हणाल्या.

"मग हात मागे धरा."

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली गेलो तेव्हा बाईंनी आपल्या एप्रनला डाव्या बाजूला खिसा शिवला होता. दुहेरी शिलाई मारून, वर बटणही. वायरमनने बटणाकडे बोट दाखवलं, "हे कशाला?"

"हात चुकून बाहेर येतो. बटण लावलं की आठवण राहते."

वायरमन त्यानंतर त्यांना ओरडला नाही.

मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीला हवा घालणारा एक छोटा पंखा असतो. तो उघडला तेव्हा आतून उशीएवढा बोळा निघाला. धागे, तंतू, कापसाची भुकटी, अकरा वर्षांची. बाईंनी तो हातात घेतला आणि खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"हा हिरवा दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. हा पिवळा त्या दोघा भावांचा, ज्यांनी एका खोलीला दोन रंग मागितले होते. आणि ही लाल मखमल नाट्यगृहाची. अगं बाई, म्हणजे मीच हिचं नाक कोंडलं की!"

"उन्हात तापून तापून बॅटरी शिजली," वायरमन म्हणाला.

बाईंनी तो बोळा फेकला नाही. एका बरणीत भरून शिवणयंत्रावर ठेवला. का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

बॅटरीतून निघालेले ते अठ्ठावीस तुकडे काळे, चपटे, शाळेतल्या पाटीएवढे पण जाड होते. बाई त्यांना पाट्याच म्हणू लागल्या. प्रत्येकीवर मी नंबर लिहिला. वहीच्या पहिल्या पानावर मी एक चित्रही काढलं होतं, पेटीत पाट्या कशा बसवल्या होत्या त्याचं, अधिक-उणे खुणांसकट. बाईंनी ते लांबूनच पाहिलं. "छान," म्हणाल्या, "आता खाली आकड्यांसाठी रकाने पाडा."

मग आमचा तीन आठवड्यांचा दिनक्रम सुरू झाला. खेळण्यातल्या मोटारींचे शौकीन वापरतात तसा एक चार्जर बाईंनी मागवला होता. एका वेळी चार पाट्या. सकाळी नऊला जोडायच्या. भरताना त्या फुगू नयेत म्हणून दोन फळ्यांमध्ये दाबून, लांब बोल्टनी आवळून ठेवायच्या. आधी भरायच्या, मग हळूहळू रिकाम्या करायच्या आणि किती वीज बाहेर आली तो आकडा वहीत लिहायचा. संध्याकाळी पाचला बंद, वायरमनचा हुकूम होता. एक फेरी सात दिवसांची, अशा तीन फेऱ्या. मी आकडे लिहायचो, बाई शेजारी यंत्रावर पडदे शिवायच्या. शिवताना त्या बोलायच्या, मी ऐकायचो. मला तेच सोयीचं होतं.

चार्जरच्या मापाने नव्या पाटीतून साडेसहा हजार मिलिअँपिअर-तास निघायला हवेत. आमच्या बहुतेक पाट्या पहिल्या फेरीत साडेतीन-चार हजारांवर दमल्या. दुसऱ्या फेरीत पाच हजारांच्या जवळ आल्या. आकडा वाढला की बाई यंत्र थांबवून टाळी वाजवायच्या. नऊ, अकरा आणि बावीस नंबरच्या पाट्या मात्र हजाराच्या वर गेल्याच नाहीत. त्यांच्या जागी भंगारवाल्याकडच्या मोडक्या गाडीतून तीन पाट्या आणल्या. सतरा नंबरची अडून बसली होती. मी म्हणालो, हीही बदलूया.

"थांबा हो. आळशी आहे ती, मठ्ठ नाही. मला कळतं ते."

तिसऱ्या फेरीत सतराने पाच हजार दोनशे दिले. बाईंनी माझ्याकडे बघत दोनदा टाळी वाजवली.

मधल्या वेळात मुलीचे फोन यायचे. यंत्रावर हात अडकलेले असले की बाई फोन स्पीकरवर टाकायच्या.

"आई, गाडी कशी आहे?"

"उभी आहे छान."

"चालवतेस ना?"

"या आठवड्यात बाहेर काम नाही गं. घरातच आहे सगळं."

"स्टुलावर चढत नाहीस ना?"

"नाही. स्टुलावर वरचे भाऊ बसलेत."

"कोण भाऊ?"

"वरचे. माझी मापं लिहून घेतात."

त्या खोटं बोलायच्या नाहीत. खरं मात्र हवं तेवढंच कापून द्यायच्या. फोन ठेवल्यावर एकदा त्या बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिच्या घरी मला छान खोली आहे, भाऊ. अकराव्या मजल्यावर. सगळं आहे. पण सकाळी उठून मी करू काय? तिकडे मला कोणी खिडकी मोजायला बोलावणार नाही." एवढंच. पुन्हा यंत्र सुरू झालं.

पंचविसाव्या दिवशी तिसरी फेरी संपली. तांब्याच्या जोडपट्ट्यांवरचा हिरवा गंज मी जुन्या टूथब्रशने आणि व्हिनेगरने घासून काढला होता. सव्विसाव्या दिवशी सकाळी सातलाच आम्ही पाट्या पुन्हा पेटीत बसवायला घेतल्या. मुलीची गाडी चारला स्टेशनवर येणार होती, आणि बाईंनी तिला फोनवर सांगून टाकलं होतं, "मी येते घ्यायला." माझी बायको म्हणाली, "रिक्षाने जाऊ म्हणून सांगायचं होतं." बाई म्हणाल्या, "रिक्षाने गेले तर तिथेच सगळं कळेल."

त्या एक-एक पाटी उचलून पेटीत ठेवत होत्या. हात इतका सराईत की बघत राहावं. मी नंबर वाचत होतो. चौथ्या पाटीला माझ्या लक्षात आलं की माझ्या चित्रात एक पाटी इकडे तोंड करून तर दुसरी तिकडे, असं आलटून पालटून आहे, आणि बाई मात्र सगळ्या एकाच दिशेने लावताहेत. मी वहीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. वाटलं, आपलंच चित्र चुकलं असेल. बाईंनी व्हिडिओ तीनदा बघितलाय. आपण कशाला मध्ये बोला. दहावी झाली, वीस झाल्या, अठ्ठावीसही झाल्या. छप्पन्न नट बाईंनी बोटांच्या अंदाजाने आवळले, यंत्राचा दोरा ताणतात तितकेच. अकराला वायरमन आला. त्याने मीटरची टोकं पेटीच्या दोन शेवटांना लावली.

"किती?" बाईंनी विचारलं.

"दोनशे दहाच्या वर यायला हवेत ना?"

"हो."

"शून्य आहे. अगदी शून्य नाही, एक व्होल्टही नाही."

बाई खाली बसल्या. हात अजून खिशात होता, बटण लावलेलं.

मी वही उघडून पहिलं पान त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी पान पाहिलं, पेटी पाहिली. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "लव!"

वायरमनला कळेना. बाईंनी त्याला समजावलं. मखमलीला लव असते. पडद्याचे सगळे पट्टे एकाच दिशेने लावावे लागतात, एक जरी उलटा लागला तर उजेडात तेवढाच काळा दिसतो. पंचेचाळीस वर्षं त्यांचे हात प्रत्येक तुकडा आपोआप एका दिशेला फिरवत आले होते. आजही फिरवला. बॅटरीत मात्र एकीचं अधिक टोक दुसरीच्या उणे टोकाला जोडावं लागतं. चौदा पाट्या एका बाजूने ढकलत होत्या आणि चौदा दुसऱ्या बाजूने.

वायरमन हसू लागला ते थांबेना. "बाई, एवढी सुरक्षित बॅटरी मी जन्मात पाहिली नाही. लहान मुलाच्या हातात द्यावी."

बाईही हसल्या, डोळे पुसले, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुम्हाला हे दिसलं होतं?"

"हो."

"केव्हा?"

"चौथ्या पाटीला."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मला सगळं माहीत असतं तर तुम्हाला वही घेऊन कशाला बसवलं असतं? तुमचा सहवास गोड आहे म्हणून?"

वायरमन पुन्हा हसला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, खटका पुन्हा उपसला आणि म्हणाल्या, "चला, उसवा. आता मी पाटी उचलली की तुम्ही मोठ्याने सांगायचं, सुलट की उलट. मी चुकले की ओरडायचं. पुटपुटायचं नाही, ओरडायचं."

मी बायकोवरसुद्धा कधी ओरडलो नाही. त्या दिवशी तीन तास ओरडलो. "सुलट! उलट! सुलट!" बाई म्हणाल्या, "अहो, हे तर स्वेटर विणल्यासारखं झालं." वरून माझी बायको जिन्यात येऊन विचारून गेली की कोणाचं भांडण चाललंय. तेराव्या पाटीला बाईंचा हात सवयीने पुन्हा फिरला. मी म्हणालो, "उलट." त्यांनी ऐकलं नाही. मी जोरात ओरडलो, "बाई, उलट म्हणतोय ना!" त्या दचकल्या, पाटी फिरवली आणि म्हणाल्या, "आता जमलं." पाटीबद्दल म्हणाल्या की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर वायरमनचा आवाज बदलला. "आता सांभाळून. मघाशी यात जीव नव्हता, आता आहे." शेवटचा नट आवळला तेव्हा अडीच वाजले होते. त्याने मीटर लावलं. "दोनशे अठरा."

पेटी गाडीत चढवायला तिघे लागलो. सगळं जोडून बाई चाकामागे बसल्या तेव्हा पावणेचार झाले होते. लाल त्रिकोण लागला, थोडा वेळ राहिला, आणि गेला. "बसा, भाऊ," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, माझे कपडे असे काळे झालेत. "काळ्याने काही होत नाही. रस्त्यात बंद पडली तर ढकलायला कोणी हवं." मी मागच्या सीटवर बसलो.

ती बंद पडली नाही. चार वाजून वीस मिनिटं होऊन गेली होती. मुलगी स्टेशनबाहेर दोन मोठ्या बॅगा घेऊन उभी होती. तिने खिडकीत डोकं घातलं.

"आई, फोन का उचलत नव्हतीस? मला वाटलं पडलीस कुठे! आणि हे हातात काय घातलंयस?"

बाईंनी स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. नारिंगी हातमोजे कोपरापर्यंत तसेच होते.

मग सगळं सांगावंच लागलं. तिथेच, गाडीत बसून, मागचे हॉर्न वाजवत असताना. मुलगी ऐकत होती. मध्येच तिचे डोळे भरून आले आणि मध्येच तिला हसू आलं. शेवटी म्हणाली, "उतर. मी चालवते." बाई उतरल्या, दोन्ही बॅगा उचलून डिकीत टाकल्या आणि मागे माझ्याशेजारी बसल्या. मुलीने गाडी सरळ घरी न नेता टेकडीवरच्या चढावर घातली. वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली. त्रिकोणासाठी ती समोर डोळे लावून होती. मागे आम्ही दोघे शाळेत निकालाची वाट पाहावी तसे बसलो होतो. तिसऱ्यांदा खाली आल्यावर तिने गाडी कडेला घेतली.

"काका, तुम्ही सांगा. हे सगळं तिने केलं? वायरमनने नाही?"

मी म्हणालो, "वायरमनने फक्त ओरडायचं काम केलं. बाकी त्यांनीच."

"आणि तुम्ही?"

"मीही ओरडलो," मी म्हणालो.

मुलगी आरशात आईकडे पाहून म्हणाली, "या बॅगा मी रिकाम्या आणल्यात, तुझं सामान भरायला."

"माहीत आहे मला. वजनावरून कळलं."

"तह गाडीचाच होता."

"गाडीचाच होता," बाई म्हणाल्या.

"ठीक आहे. पण स्टूल मी घेऊन जाणार."

आणि परत जाताना खरंच ती स्टूल घेऊन गेली. बॅगेत बसेना म्हणून त्याचे पाय काढले. बाईंनी मग पडदे लावायला एका उंच मुलीला पगारावर ठेवलं आणि स्वतः खाली उभं राहून सूचना देऊ लागल्या. हे त्यांना स्टुलापेक्षा जास्त आवडलं.

ती गाडी पुढे दोन वर्षं दोन महिने, बाई होत्या तोवर, चालली. दर तीन महिन्यांनी बाई पंखा उघडून स्वच्छ करायच्या आणि मला आकडे लिहायला बोलवायच्या. तेवढीच आमची भेट. एरवी जिन्यात "बरं आहे ना?" "बरं आहे." यापलीकडे आम्ही फार बोललो नाही. गेल्या पानगळीत त्या मुलीकडे आठ दिवसांसाठी गेल्या, स्वतः गाडी चालवत. सातव्या दिवशी सकाळी त्या उठल्या नाहीत. मुलगी म्हणाली, झोपेतच गेली, चेहरा शांत होता.

त्या मुलीकडे जायला निघाल्या त्या सकाळी मी फाटकापाशी पेपर घेत होतो. त्यांनी गाडी थांबवून काच खाली केली.

"भाऊ, माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालाल ना?"

"घालतो की."

"दिवसाआड घाला. रोज नको, मुळं कुजतात."

"बरं."

"आणि किल्ली वहिनींकडे दिलीय. तुमच्याकडे दिली असती तर संध्याकाळी दोघं मिळून शोधत बसला असता."

"असू दे. कधी येताय?"

"पुढच्या गुरुवारी. येते मग."

"सावकाश या," मी म्हणालो.